पासंग

सांगलीला आमचं किराणा मालाचं दुकान होतं. शाळा सुटली की दप्तर आत टाकून मी दुकानात जाऊन बसायचो. वडिलांची एक सवय आजही डोळ्यांसमोर जशीच्या तशी आहे. शेंगदाणे असोत की साखर, माल घालायच्या आधी ते रिकामा तराजू उचलून गिऱ्हाइकासमोर धरायचे. काटा मधोमध उभा राहिला की मगच एका पारड्यात वजन आणि दुसऱ्यात माल. कधीकधी एखादं पारडं रिकामं असतानाच खाली झुकायचं. मग ते दुसऱ्या बाजूला सुतळीने एक लहानसा खडा बांधायचे. "आधी पासंग बघायचा, मग माल तोलायचा," असं ते म्हणत. तराजूत मुळातच असलेला हा झुकाव म्हणजे पासंग. "तो याच्या पासंगालाही पुरणार नाही" असं आपण सहज म्हणून जातो, पण इलेक्ट्रॉनिक काट्यांच्या जमान्यात खरा पासंग आता कुणी पाहिलेला नसतो.

हा शब्द मला २०२३ साली आठवला, तो आयसेलिनमधल्या घरात, डायनिंग टेबलाशी बसून एक औषध घ्यावं की नाही याचा विचार करताना. ते औषध डिप्रेशनवरचं होतं, आणि रुग्ण मी होतो.

हे एक वाक्य लिहायला मला दोन वर्षं लागली. मंडळाच्या स्मरणिकेत याआधी मी अलास्काच्या क्रूझबद्दल लिहिलं आहे, मुलांच्या मराठीबद्दल लिहिलं आहे. गुडघ्याचं ऑपरेशन झालं असतं तर त्यावरही एखादा खुसखुशीत लेख लिहिला असता. मनाच्या आजाराबद्दल मात्र आपण लिहीत नाही. फार तर "हल्ली जरा स्ट्रेस आहे" म्हणतो आणि विषय बदलतो. मी डॉक्टर नाही, त्यामुळे हा लेख म्हणजे वैद्यकीय सल्ला नव्हे. पण औषधाचा धोका तोलायचा म्हणजे नेमकं काय करायचं, आणि तो कुणी तोलायचा, हा प्रश्न मला जसा भेटला तसा तुमच्यापैकी कुणाला ना कुणाला कधीतरी भेटणार आहे.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. २००४ साली एम.एस. करायला न्यूअर्कला आलो. पुढचा रस्ता आपल्यातल्या बहुतेकांचा असतो तोच: एच-वन, ग्रीन कार्डाची रांग, लग्न, दोन मुलं, आयसेलिनला घर. ओक ट्री रोड जवळ, मेट्रोपार्क स्टेशन जवळ. तक्रारीला जागाच नव्हती, आणि तीच पंचाईत होती. २०२२च्या हिवाळ्यात मी मेट्रोपार्कच्या पार्किंग डेकमध्ये गाडी लावून आतच बसून राहू लागलो. न्यूयॉर्कची एक ट्रेन जायची, मग दुसरी. गाडीतून उतरायचं एवढंच काम, पण ते होत नसे. एकदा भाजीच्या दुकानात दोडका घ्यावा की दुधी हे ठरवता येईना, म्हणून रिकामी पिशवी घेऊन परत आलो. आईचा फोन वाजायचा आणि मी त्याच्याकडे नुसता बघत राहायचो. गणेशोत्सवातल्या नाटकातून "प्रोजेक्टचं गो-लाइव्ह आहे" असं सांगून अंग काढून घेतलं. ते खोटं होतं. तेव्हा मी बेंचवर होतो, हातात प्रोजेक्टच नव्हतं.

डॉक्टरकडे गेलो तो बायकोने अपॉइंटमेंट घेतली म्हणून. एक औषध झालं, त्याची मात्रा वाढवून झाली, मग दुसरं झालं. समुपदेशनही चालू होतं. दीड वर्ष असं गेलं. यात माझं काही विशेष नव्हतं. स्टार-डी नावाच्या मोठ्या अमेरिकन अभ्यासात (२००६) दिसलं होतं, की पहिल्या औषधाने जेमतेम एक तृतीयांश रुग्णांची लक्षणं पूर्णपणे जातात.

ऑगस्ट २०२३ मध्ये आमच्या डॉक्टरीणबाईंनी एका वेगळ्याच औषधाचा विषय काढला. स्प्राव्हाटो नावाचा नाकात मारायचा फवारा. दोन औषधांनी गुण न आलेल्या प्रौढ रुग्णांसाठी मार्च २०१९ मध्ये एफडीएने त्याला मान्यता दिली, तीही तेव्हा गोळीच्या जोडीने घ्यायच्या अटीवर. (फवारा एकटाच देता येईल अशी मान्यता जानेवारी २०२५ मध्ये मिळाली.) त्यातलं द्रव्य एस्केटामिन. केटामिनच्या रेणूची दोन रूपं असतात, डाव्या-उजव्या हातासारखी. त्यांपैकी हे एक. केटामिन १९६२ साली तयार झालं आणि १९७० साली अमेरिकेत भुलेचं औषध म्हणून मान्य झालं. पुढे पार्ट्यांमध्ये नशेसाठी त्याचा वापर होऊ लागला, आणि १९९९ पासून ते इथे नियंत्रित पदार्थांच्या यादीत आहे. २००० साली येल विद्यापीठाच्या संशोधकांनी अवघ्या सात रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. केटामिनच्या लहान मात्रेने ७२ तासांच्या आत त्यांची उदासी कमी झालेली दिसली. नेहमीच्या गोळ्यांना त्यासाठी आठवडे लागतात. इथून सगळी चक्रं फिरली.

हा फवारा घरी मिळत नाही. नोंदणी केलेल्या क्लिनिकमध्येच, कर्मचाऱ्यांसमोर घ्यायचा, मग किमान दोन तास तिथेच थांबायचं. रक्तदाब वाढतो, म्हणून तो मोजत राहतात. रात्रीची झोप झाल्याशिवाय, म्हणजे दुसऱ्या दिवसापर्यंत, गाडी चालवायची नाही. पहिले चार आठवडे हे आठवड्यातून दोनदा. माहितीपत्रकावर काळ्या चौकटीत इशारे: गुंगी, आपण आपल्या शरीरापासून सुटे झाल्यासारखं वाटणं, श्वास मंदावणं, गैरवापराची शक्यता, आणि तरुण रुग्णांत आत्महत्येचे विचार वाढण्याचा धोका.

ऐकून छातीत धस्स झालं. पण थोडं वाचल्यावर लक्षात आलं, की डिप्रेशनवरच्या औषधांचा जन्मच मुळी असा आडवाटेने झालेला आहे, आणि तोही आपल्या अंगणात. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या नटली गावातल्या हॉफमन-ला रोश कंपनीने क्षयावर आयप्रोनियाझिड नावाचं औषध बनवलं. स्टेटन आयलंडवरच्या सी व्ह्यू हॉस्पिटलमध्ये ते क्षयरोग्यांना दिल्यावर अंथरुणाला खिळलेली माणसं हसू-बोलू लागली, वॉर्डात नाचू लागली. त्यावरून १९५७च्या सुमारास नेथन क्लाइन या मानसोपचारतज्ज्ञांनी ते उदास रुग्णांना देऊन पाहिलं. डिप्रेशनवरचं हे अगदी पहिल्या औषधांपैकी एक. आणि त्याच औषधाने काही जणांच्या यकृताला इजा होते असं दिसल्यावर १९६१ साली ते अमेरिकेच्या बाजारातून काढून घेण्यात आलं. आयसेलिनहून ही दोन्ही ठिकाणं पाऊण तासाच्या अंतरावर आहेत. जगाला आशा आणि धडा दोन्ही एकाच बाटलीतून मिळाले, ते इथेच.

तर, घ्यावं की नाही? आयटीवाला माणूस अशा वेळी काय करतो? एक्सेल उघडतो. प्रोजेक्टमध्ये आम्ही रिस्क रजिस्टर ठेवतो. प्रत्येक धोक्यापुढे रकाने असतात: घडण्याची शक्यता किती, घडलं तर परिणाम किती, उपाय काय, आणि शेवटी 'रिस्क ओनर', म्हणजे या धोक्याचा धनी कोण. मी तेच केलं.

आकडे सापडले ते असे. मान्यतेसाठी जी मुख्य चाचणी महत्त्वाची ठरली, तीत चार आठवड्यांनी फवारा आणि नवी गोळी घेणाऱ्या शंभरांपैकी साधारण ६९ जणांची लक्षणं निम्मी किंवा त्याहून कमी झाली. खोटा फवारा आणि नवी गोळी घेणाऱ्या शंभरांपैकी ५२ जणांची. म्हणजे खऱ्या फवाऱ्याची कमाई शंभरात सतरा. दुसऱ्या एका चाचणीत, ज्यांना पूर्ण गुण आला होता त्यांच्यापैकी फवारा चालू ठेवणाऱ्यांत सुमारे २७ टक्क्यांना आजार उलटला, आणि बंद करणाऱ्यांत ४५ टक्क्यांना. थोड्या मुदतीच्या इतर चाचण्यांत फरक इतका स्पष्ट दिसला नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने पुराव्यातल्या आणि खर्चातल्या अनिश्चिततेमुळे २०२२ साली तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी या औषधाची शिफारस केली नाही. थोडक्यात, जादू नाही आणि थोतांडही नाही.

रजिस्टर भरून झालं आणि मी ते बायकोला दाखवलं. तिने बराच वेळ वाचलं आणि विचारलं, "फायद्याच्या रकान्यात शून्य का लिहिलंस? तूच तर म्हणतोस सतरा."

"माझ्यावर कशाचाच उपयोग होत नाही."

"हे कुठल्या चाचणीत आलं?"

मला उत्तर देता येईना. मग तिचं बोट दुसऱ्या ओळीवर थांबलं. त्या ओळीत मी लिहिलं होतं, 'मृत्यू', शक्यता 'अगदी कमी', आणि पुढे परिणामाच्या रकान्यात, अगदी सहज, 'कमी'. मृत्यूचा परिणाम कमी. लिहिताना मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

ती काही बोलली नाही. उठून आत गेली. बाहेर आली तेव्हा तिने माझी गाडीची किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली आणि मला सरळ विचारलं, "जीव द्यायचे विचार येतात का?" मी हो म्हटलं. दीड वर्षात हा प्रश्न घरात पहिल्यांदा विचारला गेला आणि त्याचं खरं उत्तरही पहिल्यांदाच दिलं गेलं. त्याच रात्री तिने डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

मला वडिलांचा तराजू आठवला तो त्या रात्री. मी आठ दिवस माल तोलत बसलो होतो. रिकामी पारडी एकदाही उचलून पाहिली नव्हती.

पहिला पासंग आजाराचा. डिप्रेशन आशेचं वजन हलकं करून दाखवतं आणि स्वतःच्या जिवाचंही. असा माणूस वरवर अगदी मुद्देसूद बोलतो, एक्सेल भरतो, आणि त्याचा काटा मुळात झुकलेला असतो. हे त्याला आतून दिसत नाही. ते पाहायला समोर दुसरं माणूस लागतं.

दुसरा पासंग 'काही न करण्याचा'. माझ्या रजिस्टरमध्ये औषध घेण्याच्या धोक्यांच्या चौदा ओळी होत्या. औषध न घेण्याच्या धोक्याची एकही नव्हती. जणू काही न केलं की काही होतच नाही! आणि इकडे दीड वर्षात माझं दहा किलो वजन उतरलं होतं, धाकटी माझ्याशी हळू आवाजात बोलायला शिकली होती, बायको रात्री दोनदा उठून मी झोपलोय ना हे बघत होती. याची किंमत कुठल्याच रकान्यात नव्हती. दर महिन्याला आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांसारखं ते चाललं होतं.

तिसरा पासंग नावाचा. सांगलीला थोरल्या भावाला सांगितलं तर तो म्हणाला, "भुलेचं औषध? म्हणजे नशाच की रे!" त्याचं चुकलं नव्हतं; मलाही पहिल्यांदा तेच वाटलं होतं. पण याच सुमारास माझ्या टेबलाच्या खणात आणखी एक वस्तू होती, ती मी कुणालाच सांगितली नव्हती. ओळखीच्या एकाने सुचवलं होतं, "अरे, कशाला त्या भानगडीत पडतोस? पेट्रोल पंपावर एक छोटी बाटली मिळते. सप्लिमेंट आहे. मूड एकदम फ्रेश. चिठ्ठीसुद्धा लागत नाही." मी घेऊन आलो होतो. दोनदा झाकणाला हातही लावला होता. बायकोला ती सापडली तेव्हा तिने विचारलं, "यात काय आहे आणि किती आहे?" फवाऱ्याचं माहितीपत्रक मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं होतं. या बाटलीवरची चार ओळींची चिठ्ठी वाचली नव्हती.

त्यात टायनेप्टिन होतं. गंमत अशी, की टायनेप्टिन हेसुद्धा डिप्रेशनवरचं औषधच आहे. फ्रान्समध्ये १९८०च्या दशकापासून ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, मोजक्या मात्रेत मिळतं. अमेरिकेत त्याला कधीच मान्यता मिळालेली नाही. २०१४ साली कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांच्या गटाने दाखवलं, की ते मेंदूत अफूवर्गीय द्रव्यांच्याच जागी जाऊन काम करतं. म्हणजे मात्रा वाढत गेली की सवय लागणार आणि श्वासही मंदावणार. जून ते नोव्हेंबर २०२३ या काळात आपल्या न्यू जर्सीतच, टायनेप्टिन असलेल्या अशा बाटल्यांमुळे गंभीर आजारी पडलेल्या १७ जणांची नोंद झाली. त्यांपैकी १३ जणांना अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं. काही बाटल्या तपासल्या तेव्हा त्यांत कृत्रिम गांजाच्या जातीची रसायनंही निघाली. सीडीसीने हा अहवाल फेब्रुवारी २०२४ मध्ये छापला. मी खण उघडत होतो तो हाच काळ.

विचार करा. न्यू जर्सीत स्वतःच्या गाडीत स्वतःच्या हाताने पेट्रोल भरायला १९४९च्या कायद्याने बंदी आहे, कारण ते धोक्याचं. आणि त्याच पंपावरच्या काउंटरवर अफूसारखं काम करणारी बाटली मी च्युइंगगमशेजारून उचलली. 'सप्लिमेंट' म्हटलं की आपलं पारडं वर जातं आणि 'भुलेचं औषध' म्हटलं की खाली. रेणूला नावाचं काही सोयरसुतक नसतं.

मिरजेला आमच्या परिचयाचे एक निवृत्त भूलतज्ज्ञ आहेत. धीर करून त्यांना फोन केला. ते हसले. म्हणाले, "केटामिन? आयुष्यभर वापरलं. चांगलं औषध आहे. पण एक लक्षात ठेव, भूल देणारा माणूस सगळा वेळ रोग्याच्या उशाशी बसलेला असतो. औषधाचा अर्धा गुण त्या बसण्यात आहे." तेव्हा हे वाक्य मला नुसतं चांगलं वाटलं. त्याचा अर्थ नंतर कळला.

चौथा पासंग तुम्हा सगळ्यांच्या परिचयाचा: लोक काय म्हणतील. आठवड्यातून दोन दिवस दुपारी गायब व्हायचं तर क्लायंटला काय सांगू? मंडळात कळलं तर? मुलांच्या लग्नाच्या वेळी कुणी काढलं तर? (मुलं तेव्हा चौदा आणि दहा वर्षांची होती!) हसू येतं आता, पण खरं सांगतो, रक्तदाब आणि गुंगी यांच्यापेक्षा या ओळीचं वजन माझ्या तराजूत जास्त होतं.

आता शेवटच्या रकान्याचा प्रश्न उरला. धोक्याचा धनी कोण? माझाच काटा झुकलेला असेल तर माझ्या निर्णयाला अर्थ काय? मग बायकोने ठरवायचं का? की डॉक्टरांनी?

या प्रश्नाने मला गीतेकडे नेलं. विषाद म्हणजे डिप्रेशन, असं मला म्हणायचं नाही. पण पहिल्या अध्यायातला अर्जुन पाहा. अंगाला कंप सुटला आहे, तोंड कोरडं पडलं आहे, धनुष्य हातातून गळतं आहे, आणि तरी त्याचे युक्तिवाद बिनतोड आहेत. कृष्ण ते ऐकून घेतो. 'तुला काय कळतंय' म्हणून लगाम टाकून स्वतः धनुष्य उचलत नाही, आणि 'तुझं तू बघ' म्हणून रथातून उतरतही नाही. अठरा अध्याय त्याच्याजवळ बसतो. आणि सगळं सांगून झाल्यावर म्हणतो, याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला इच्छा होईल तसं कर. लहानपणी पाठांतर स्पर्धेत हा अध्याय म्हणून मी बक्षीस मिळवलं होतं, पण शेवट असा आहे हे तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

आम्ही घरात जी रीत ठरवली ती साधारण अशीच होती. जीव वाचवण्यापुरतं दुसऱ्याने ठरवायचं: किल्ली बायकोकडे, बाटली कचऱ्यात, डॉक्टरांना सगळं खरं सांगायचं. यात माझं मत विचारलं जाणार नव्हतं, आणि ते बरोबरच होतं. पण उपचार कोणता घ्यायचा हे माझं मी ठरवायचं, मात्र एकट्याने नाही. बायकोने पासंग दाखवायचा, डॉक्टरांनी वजनं द्यायची, तराजू माझ्या हातात.

यात एक उपाय कायद्यानेही दिलेला आहे, तो आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असतो. मन ठिकाणावर असताना माणूस आधीच लिहून ठेवू शकतो, की पुढे मी आजारी पडलो तर मला कोणते उपचार चालतील, कोणते नकोत, आणि माझ्या वतीने कोणी बोलायचं. न्यू जर्सीत २००५ साली मानसिक उपचारांसाठी असा कायदा झाला. भारताच्या २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यातही ही सोय आहे. मृत्युपत्राइतकंच ते करून ठेवावं. मी केलं आहे.

सप्टेंबर २०२३ मध्ये उपचार सुरू केले. आता गाडीचा प्रश्न आला. दर मंगळवारी आणि शुक्रवारी मला क्लिनिकमधून घरी कोण आणणार? बायकोला नोकरी. उबर चालली असती, पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ओळखीचं माणूस असलं तर बरं. म्हणजे कुणाला तरी सांगणं आलं! तीन दिवस विचार करून मंडळाच्या ढोल-ताशा पथकातल्या एका मित्राला फोन केला. "मला आठवड्यातून दोनदा एका क्लिनिकमधून घरी सोडायला कुणीतरी हवंय. औषधामुळे मला गाडी चालवता येणार नाही." पुढचं सगळं मी पाठ करून ठेवलं होतं. तो म्हणाला, "मंगळवार माझा. शुक्रवारचं कुणाला विचारू, का तू विचारतोस?" एवढंच.

पहिल्या काही वेळा मी घाबरलो, हे कबूल करतो. खुर्चीत बसल्या बसल्या छत दूर जाई, स्वतःचा हात दुसऱ्याच कुणाचा वाटे. रक्तदाब चढे, मळमळे. तासाभरात ते ओसरे. मग दोन तास पुरे झाले की मित्र यायचा. गाडीत तो क्रिकेटबद्दल बोलायचा किंवा काहीच बोलायचा नाही. ज्या नियमाला मी सगळ्यात मोठी कटकट म्हणून रजिस्टरमध्ये नोंदवलं होतं, त्या नियमाने माझी दीड वर्षाची चोरी संपवली. चाचणीत खोटा फवारा घेऊनही बरं वाटलेल्या त्या ५२ जणांचा मी नंतर पुष्कळदा विचार केला आहे. त्यांनाही आठवड्यातून दोनदा कुणीतरी भेटत होतं, कसं वाटतंय म्हणून विचारत होतं.

तिसऱ्या आठवड्यात मी भाजीच्या दुकानातून दोडका घेऊन आलो. बायकोने पिशवीत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि भाजी चिरायला घेतली.

डिसेंबरमध्ये मात्र घरात वादळ आलं. 'फ्रेंड्स'मधला चँडलर, म्हणजे मॅथ्यू पेरी, २८ ऑक्टोबर २०२३ रोजी गेला होता. शवचिकित्सेचा अहवाल डिसेंबरमध्ये जाहीर झाला: मृत्यूचं मुख्य कारण केटामिन. एम.एस. करताना आम्ही चौघं रूममेट त्याच्याच विनोदांवर हसत इंग्रजी ऐकायला शिकलो होतो. आईने सांगलीत टीव्हीवर बातमी पाहिली. "ते तुझंच का रे औषध? उद्याच्या उद्या बंद कर."

मी पुन्हा तराजू उचलला. अहवालात म्हटलं होतं, की डॉक्टरांच्या देखरेखीखालचं त्याचं शेवटचं ज्ञात इन्फ्यूजन मृत्यूच्या दीड आठवडा आधीचं होतं, आणि शरीरात सापडलेलं केटामिन त्यातलं असणं शक्य नव्हतं. ते बाहेरून, चोरून मिळवलेलं होतं. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये या प्रकरणात पाच जणांवर आरोप ठेवले गेले, त्यांत दोन डॉक्टर होते. म्हणजे पांढरा कोट हीसुद्धा खात्री नव्हे. मिरजेच्या डॉक्टरांचं वाक्य आठवलं. पेरीच्या शेवटच्या वेळी त्याच्या उशाशी कुणी बसलेलं नव्हतं.

हे सगळं आईला समजावून सांगितलं. तिला किती पटलं ते माहीत नाही. ती म्हणाली, "मला यातलं काही कळत नाही. तू रोज संध्याकाळी फोन कर. तुझ्या आवाजावरून मी काय ते ठरवीन." तेव्हापासून रोज फोन करतो. तिचा काटा माझ्या एक्सेलपेक्षा अचूक आहे, असा आजवरचा अनुभव.

बरा झालो का? पूर्णपणे नाही. २०२४च्या उन्हाळ्यात डॉक्टरीणबाईंच्या सल्ल्याने फवारा हळूहळू थांबवला. २०२५च्या जानेवारीत पुन्हा पार्किंग डेकमध्ये बसावंसं वाटू लागलं, तेव्हा काही आठवडे परत सुरू केला. गोळी चालूच आहे. दीर्घकाळ घेतल्याने काय होईल, ही ओळ माझ्या रजिस्टरमध्ये अजून उघडी आहे. त्यामुळे 'मी घेतलं, तुम्हीही घ्या' असं मी म्हणणार नाही. एखाद्याने हेच सगळे आकडे पाहून 'नको' म्हटलं तर तेही शहाणपणाचं असू शकतं. फक्त तो 'नको' आजाराचा, भीतीचा किंवा लोकलज्जेचा आहे का, एवढं रिकामी पारडी उचलून पाहावं. आणि चालू असलेलं औषध मात्र स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नये.

आपल्या किंवा घरातल्या कुणाच्या मनात जीव देण्याचे विचार असतील तर तराजू बाजूला ठेवा आणि आधी फोन उचला. अमेरिकेत ९८८ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. भारतात आई-वडिलांसाठी टेली-मानसचा १४४१६ आहे. आणि घरातल्या माणसाला तो प्रश्न सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. माझ्या बाबतीत तर विचारल्यामुळेच तो बाहेर आला.

यंदा गणपतीच्या नाटकात मी पुन्हा आहे. भूमिका लहान आहे, पण आहे. तालमीला एक जण दोन आठवडे आला नाही. "प्रोजेक्टचं गो-लाइव्ह आहे," असा निरोप होता. खरंही असेल. मी तरी घरी जाऊन बेल वाजवली.

मंडळी, तुम्हालाही कधी कुणी विचारलं, "मंगळवारी मला एका ठिकाणाहून जरा घरी सोडशील का?", तर कुठून आणि कशासाठी हे विचारायच्या आधी हो म्हणा.